सतराव्या लेक्चरमधला खडा

तोंडी परीक्षेला आलेल्या अकरा मुलांना मी एका सकाळी ओळीने नापास केलं, आणि बाराव्या मुलीने मला तोंडावर सांगितलं की चूक माझीच आहे.

मी हेमलता वांढरे. चंद्रपुरात एकतीस वर्षं विद्युत अभियांत्रिकी शिकवली, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मे महिन्यात बाहेरून परीक्षक यायला कोणी तयार नसतं, म्हणून विद्यापीठ दर वर्षी माझं दार ठोठावतं. मीही जाते. घरी बसून पंख्याकडे बघण्यापेक्षा मुलांना घाम फोडलेला बरा.

त्या सकाळी मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होते, कारण तो चुकला तर बाकीचं आलं काय आणि न आलं काय. दुरुस्तीसाठी लाइन बंद केली की ती तार जमिनीला जोडून ठेवतात. चुकून कुठून वीज आलीच, तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी यासाठी. याला अर्थिंग म्हणतात. एक जाड केबल असते. तिचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला आवळायचं, दुसरं लांब दांडीने वर तारेला अडकवायचं. लावताना आधी जमीन, मग तार. काम झाल्यावर काढताना बरोबर उलटं, आधी तार आणि मग जमीन.

काढताना कोणी आधी जमिनीचं टोक सोडलं, तर वर तारेला जोडलेली केबल त्याच्या उघड्या हातात राहते. लाइन बंद असली तरी शेजारून दुसरी चालू लाइन जात असेल, तर तिच्या प्रभावाने बंद तारेतही विजेचा दाब तयार होतो. त्याला जमिनीकडे जायला मग त्या माणसाच्या अंगातूनच वाट मिळते. दर वेळी माणूस मरत नाही, म्हणून ही चूक करणारे पुष्कळ दिवस ती करत राहतात.

अकरा मुलांनी सांगितलं, "काढताना तोच क्रम ठेवायचा. आधी जमीन, मग तार. सोपं आहे, लक्षात राहतं."

शब्द तेच, चाल तीच. 'सोपं आहे'नंतरचा छोटा थांबाही तोच. मला वाटलं कॉपी आहे. मग बारावी आली, तनुजा झाडे. उंच, काटकुळी, हातात प्लास्टिकची फाइल. तिनेही तेच म्हटलं, त्याच चालीत.

"हे कोणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

"तुम्हीच तं शिकवलं, मॅडम."

"मी तुला आज पहिल्यांदा बघतेय."

"मी तुम्हाला दोन वर्षांपासून ऐकून राहिली आहे ना. लेक्चर सतरा." तिने कानातून शेंगदाणा काढला, ओढणीला पुसला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "ऐकून घ्या, मग नापास करा."

शेंगदाणा म्हणजे काय ते आता सगळ्यांना माहीत आहे, पण तो काय करतो ते कोणी विचारत नाही. कानात बसणारं दाण्याएवढं यंत्र. विद्यापीठातल्या प्राध्यापकांची रेकॉर्ड केलेली लेक्चरं त्यात असतात. मुलं ती बसमध्ये ऐकतात, जेवताना ऐकतात, गाडी धुताना ऐकतात. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण शेंगदाण्याच्या सालीवर बारीक पट्ट्या असतात, त्या कानाच्या आतल्या कातडीला टेकतात आणि मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजतात. ऐकणाऱ्याचं लक्ष कुठे लागलं, कुठे उडालं, हे त्याला सेकंदासेकंदाला कळतं. हजारो मुलांच्या कानांतून हा हिशेब विद्यापीठाकडे जातो आणि जिथे जिथे लक्ष उडतं, तो भाग यंत्र आपोआप कापतं. दर महिन्याला थोडा. माझं बावन्न मिनिटांचं लेक्चर असं कमी होत होत चौदा मिनिटांवर आलं होतं.

दुसरी गोष्ट मुरवणीची. दुपारी जेवून पडलं की माणसाला गाढ झोपेची पहिली डुलकी लागते. त्या वेळी मेंदूत सावकाश मोठ्या लाटा उठतात, आणि दिवसभरात ऐकलेल्याची मेंदू स्वतःशी उजळणी करत असतो. शेंगदाणा नेमका त्या लाटेच्या माथ्यावर लेक्चरमधलं एकेक वाक्य कुजबुजतो. अशा दोन डुलक्या झाल्या की ते वाक्य पाठ केल्यासारखं राहत नाही, स्वतःला नेहमीपासून माहीतच होतं असं वाटतं. लोणचं मुरतं तसं, म्हणून मुरवणी. नाव विद्यापीठानेच दिलं आणि जाहिरातही केली.

मी शेंगदाणा कानात घातला. पंधरा वर्षांपूर्वीचा माझा आवाज, माझ्यापेक्षा गोड केलेला. 'काढताना तोच क्रम ठेवायचा. आधी जमीन, मग तार. सोपं आहे, लक्षात राहतं.' आणि लगेच पुढचा मुद्दा.

मी ते मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

माझी शिकवायची एक रीत होती. दर लेक्चरमध्ये मी एक चूक मुद्दाम करायची, चांगली गुळगुळीत, खरी वाटेल अशी. मुलं तिला खडा म्हणायची. भात चांगला शिजवायचा आणि त्यात एक खडा टाकायचा. चूक सांगून झाली की मी गप्प उभी राहायची. वर्ग चुळबुळायचा. मग कोणीतरी म्हणायचं, मॅडम, चुकलं. बरोबर काय ते मी कधीच सांगितलं नाही, ते पकडणाऱ्यानेच सांगायचं. मग फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहायचं आणि पुढच्या लेक्चरपर्यंत पुसायचं नाही. त्या कोपऱ्यासाठी मुलं डोळ्यांत तेल घालून बसायची. माझ्या तोंडून ऐकलेलं बरोबर उत्तर ती वहीत ठेवून विसरायची, पण स्वतः पकडलेली चूक नोकरीत गेल्यावरही विसरायची नाहीत.

आता यंत्राने काय केलं ते बघा. मी चूक सांगितली. मग एकोणीस सेकंद शांतता, तिथे ऐकणाऱ्यांचं लक्ष उडालं, ती कापली. मग मागून एका मुलाचा आवाज, माइकपासून लांब, खरखरीत. तो वक्त्याचा नाही म्हणून गोंगाट धरून काढला. बरोबर उत्तर त्या आवाजात होतं. राहिला नुसता खडा, आणि तो दोन वर्षं मुलांच्या झोपेत मुरत होता.

"ऐकलं?" तनुजाने विचारलं.

"ऐकलं. हे चूक आहे. असं केलंस तर मरशील."

"मग लेक्चरमधी काहून सांगितलं?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकलं, पण चेहरा हलला नाही. माझा तिच्याशी काही संबंधच नाही, अशी ती माझ्याकडे बघत होती. कानातली वांढरे मॅडम तिच्या ओळखीची होती आणि समोर बसलेली म्हातारी कटकट करत होती.

"सोमवारी माझं जॉइनिंग आहे," ती म्हणाली. फाइल उघडून तिने नेमणुकीचं पत्र माझ्यासमोर धरलं. लाइन देखभाल, कनिष्ठ अभियंता. "नापास झाली तं ऑर्डर रद्द होते."

"दुसरी मिळेल."

"तुमच्या वेळी मिळत असंन. आमच्या गावातून हे काम लागलेली मी पहिली पोरगी हाय." आतापर्यंत ती जपून बोलत होती, आता आवाज चढला. "तुम्हीच शिकवाचं आन् तुम्हीच पाडाचं. हे बरं हाय."

मी तिला नापास केलं. सही करताना मी घुटमळले नाही, हे कबूल करते.

त्याच दुपारी मी डिजिटल अध्ययन कक्षात गेले. संचालक डॉ. निखिलेश पिंपळशेंडे. माझा विद्यार्थी. नुसता विद्यार्थी नव्हे, फळ्याच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त वेळा ज्याचं नाव लागलं तो. मी त्याला फार जपलं होतं. फी भरायच्या वेळी त्याच्या वडिलांना मी दोनदा फोन केला होता, आणि नोकरीसाठी पत्र लिहिलं होतं ते वेगळंच.

त्याने मला बसायला सांगितलं, थंड पाणी मागवलं. मी म्हटलं, "मूळ रेकॉर्डिंग काढ. सतरावं. अठ्ठाविसाव्या मिनिटापासून लाव."

त्याने लावलं. माझी चूक आली. मग शांतता. एकोणीस सेकंद फार लांब असतात. निखिलेश खुर्चीत हलला, घड्याळाकडे बघितलं. मग मागून आवाज आला, 'मॅडम, उलटं आहे. आधी तार, मग जमीन. नाहीतर केबल हातात राहील.'

तो त्याचाच आवाज होता. एकविसाव्या वर्षीचा.

"ओळखलास?" मी विचारलं.

त्याने रेकॉर्डिंग बंद केलं. मग पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवून म्हणाला, "मॅडम, हे वाईट झालं. पण थोडं शांतपणे बघू या."

"लेक्चर आत्ता काढ."

"एकतीस हजार मुलं ऐकतायत. विद्यापीठाचं सगळ्यात लाडकं लेक्चर आहे ते. करार आहे, बाकीची पाच विद्यापीठं ते घेतात. असं एका दुपारी काढता येत नाही, समिती लागते."

"माणसं मरतील, निखिलेश."

"चूक तुमच्या आवाजात आहे, मॅडम." हे तो अगदी हळू म्हणाला. "उद्या चौकशी झाली तर लोक यंत्राला विचारणार नाहीत. वांढरे मॅडमनी असं का शिकवलं, हेच विचारतील. संमतिपत्रावर तुमची सही आहे. कापाकापीला परवानगी, पान तीन."

सही होतीच. न वाचता केली होती. इतकी मुलं आपल्याला ऐकणार याचं मला सुख वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माझा आला.

शेवटी त्याने एक तोडगा काढला. मी दुरुस्तीचं निवेदन रेकॉर्ड करायचं, ते सगळ्यांच्या शेंगदाण्यात जाईल. मी तिथल्या तिथे केलं. 'मी हेमलता वांढरे. सतराव्या लेक्चरमध्ये काढण्याचा क्रम चुकीचा आहे. आधी तार, मग जमीन.' एकतीस वर्षांत बरोबर उत्तर मी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने दिलं.

शनिवारी त्याने मला पुन्हा बोलावलं. चेहरा उतरलेला होता. वसतिगृहातल्या चाळीस मुलांवर त्याने चाचणी घेतली होती, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. कागदावर चाळीसही जणांनी बरोबर लिहिलं. मग एकेकाला सरावाच्या सांगाड्यापाशी उभं केलं, भोंगा वाजवून घाई केली आणि अर्थिंग काढायला सांगितलं. चौतीस जणांचा हात आधी जमिनीकडे गेला.

"असं का?"

तो शिकवायला लागला, आणि क्षणभर मला माझा जुना निखिलेश दिसला. "मुरलेली आठवण नुसतं सांगून बदलत नाही, मॅडम. नवीन वाक्य जुन्याच्या शेजारी जाऊन बसतं. निवांत असलं की माणूस नवीन काढतो, घाईत जुनं. जुनी आठवण मऊ पडायची एकच वेळ असते. माणूस पूर्ण खात्रीने ती वापरतो आणि त्याच क्षणी जग भलतंच वागतं. मेंदूचा अंदाज सपशेल चुकला पाहिजे, अंगावर आला पाहिजे. मग काही तास ती आठवण ओल्या सिमेंटसारखी राहते. त्या वेळात जे घडेल ते तिच्यात कायमचं बसतं."

"मग ते करा."

"चौतीस जणांवर? एकतीस हजारांवर? समिती पुढच्या सत्रात विषय घेईल."

"आणि तनुजा झाडे?"

त्याने नजर चुकवली. "त्या बारा जणांचा निकाल पुनर्विलोकनात बदलला. त्यांनी अधिकृत अभ्यास साहित्याप्रमाणे उत्तर दिलं होतं. नियमाने ते पास आहेत."

मी उठले. दारापर्यंत गेले आणि म्हटलं, "तुझं त्या दिवशी फळ्यावर नाव लिहायला नको होतं मी." त्याला ते लागलं असावं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

घरी येऊन मारोती उइकेंना फोन लावला. उइके वीज कंपनीच्या प्रशिक्षण आवारात फोरमन आहेत, माझ्याच वयाचे. माझी मुलं तीस वर्षं त्यांच्या हाताखाली जात होती. नवीन भरतीची मुलं पहिले दोन दिवस त्यांच्या आवारात, दोन खांबांमधल्या मेलेल्या, म्हणजे वीज नसलेल्या, तारेवर सराव करतात. तिसऱ्या दिवशी खऱ्या लाइनवर. तनुजाची रवानगी घुग्घुसच्या बाजूला होती, जिथे एकाच मनोऱ्यावरून दोन लाइन जातात. एक बंद केली तरी दुसरी चालूच असते.

"उइकेजी, तुमच्या शेताला झटका मशीन आहे ना?"

"हाय. डुकरं येतात. काहून जी?"

झटका मशीन आमच्याकडे शेतोशेती असतं. बॅटरीवर चालतं, कुंपणाच्या तारेत दर सेकंदाला एक ठोका सोडतं. रानडुक्कर पळून जातं, मरत नाही. मी काय करायचं ते सांगितलं.

"बाई, पोट्टी घाबरंन."

"घाबरू दे."

"लागलं-बिगलं तं?"

"माझ्या नावावर. तुम्ही मशीन आणून ठेवा आणि चहाला जा."

सोमवारी सकाळी साडेसातला मी आवारात होते. मशीन खांबामागे ठेवून त्याची तार वरच्या तारेला जोडली. आधी स्वतः धरून बघितली. कोपराच्या हाडावर काठी बसावी तसा ठोका बसला, डोळ्यांत पाणी आलं, पण पाचच मिनिटांत मी ठीक होते. साठी उलटलेल्या बाईला सोसलं तर तिलाही सोसेल, असा मी विचार केला. खाली सगळीकडे खडी पसरलेली होती. तिचा विचार मी केला नाही.

दहा जण आले. नवे निळे गणवेश, डोक्यावर टोप्या, कानात शेंगदाणे. तनुजाने मला बघितलं आणि थांबली.

"आता इथंबी आल्या?"

पोरं हसली. एकाने मोबाइल वर केला. असू दे म्हटलं.

"तू मला एकदा अर्थिंग लावून आणि काढून दाखव," मी म्हणाले. "तुझं बरोबर निघालं तर मी या सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन. कॉलेजात येऊनही मागेन."

"खरंच?"

"खरंच. तुझी खात्री आहे ना?"

"शंभर टक्के." मग तिने जरा मान तिरकी केली. "तुमचं ते निवेदन आलं होतं शेंगदाण्यात. ऐकलं मी. आवाज तुमच्यासारखा नव्हता."

तिने लावताना सगळं नीट केलं. सळईला टोक आवळलं, दांडी उचलून केबल तारेला अडकवली. मशीनचे ठोके केबलमधून मुकाट जमिनीत जात होते, कोणाला काही कळलं नाही. मग तिने हातमोजे काढून खिशात खोचले. सगळेच काढतात. त्या जाड रबराने सळईवरची टोक आवळायची चाकी फिरत नाही, आणि चंद्रपूरच्या उन्हात हात नुसते शिजतात.

"आता काढ," मी म्हटलं.

माझ्या मनात होतं की ही आता वर बघेल, दांडीला हात घालेल, आणि मी मशीन उचलून मुकाट्याने घरी जाईन. तसं व्हावं म्हणून मी मनापासून वाट बघत होते. तिने वर बघितलंही. मग ओठ हलवत, माझंच वाक्य माझ्याच चालीत पुटपुटत, ती खाली वाकली आणि चाकी फिरवायला लागली.

मी तिला थांबवलं नाही.

टोक सुटलं, तिच्या मुठीत आलं आणि ठोका बसला. तिच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला. केबल फेकून ती मागे कोसळली, डावा हात अंगाखाली खडीवर. हाड मोडल्याचं मला चार हातांवरून ऐकू आलं. मी धावत जाऊन खांबामागची बॅटरी तोडली आणि तिच्याजवळ बसले. पोरं पांढरीफटक पडली होती, मोबाइलवाला मात्र तसाच मोबाइल धरून उभा होता.

तनुजा माझ्याकडे बघत नव्हती. मोडलेला हात छातीशी धरून ती वर तारेकडे बघत होती. बराच वेळ. मग ती म्हणाली, "ती वरची. वरची आधी सोडाची असते. नाहीतर ही माझ्या हातात राहते."

"हो," मी म्हटलं.

आता तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही मुद्दाम केलं."

"हो."

ती माझ्या पायाजवळ थुंकली. उइके धावत आले, गाडी आणली, तिला उचलून दवाखान्यात नेलं. मला कोणी गाडीत घेतलं नाही.

तो व्हिडिओ दुपारी बारापर्यंत सगळीकडे गेला. म्हातारी मास्तरीण नोकरीच्या पहिल्या दिवशी पोरीला शॉक देते. पाऊण वाजता निखिलेशचा फोन आला. तो ओरडत नव्हता. "मॅडम, कुलगुरूंनी आदेश दिलाय. तुमची सगळी लेक्चरं काढली. सतराच नाही, चारशे बाराच्या चारशे बारा. असा आवाज मुलांच्या कानात ठेवणं विद्यापीठाला शोभत नाही, असं म्हणाले."

"समिती लागली नाही?"

"थेट आदेश होता, मॅडम."

"किती वेळ लागला काढायला?"

"अर्धा तास," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी खुर्चीत बसून हसले, आणि मग मला रडू आलं. त्या पोरीचं हाड मोडल्याशिवाय जो अर्धा तास कोणाला सापडला नाही, तो सापडला होता. मला स्वतःची शिसारी आली. तरी तीच सकाळ परत आली तर मी तेच करेन, फक्त खडी झाडून ठेवेन.

पोलिसांत तक्रार झाली. पेन्शन थांबवायची का, यावर चौकशी समिती बसली. भाजीवाली माझ्याशी बोलेनाशी झाली. पंधरा दिवसांनी समितीसमोर जायचं होतं, तेव्हा दाराबाहेर निखिलेश उभा होता. माझ्याकडे न बघता त्याने सांगितलं की वसतिगृहातल्या त्या चाळीस जणांची त्याने पुन्हा चाचणी घेतली. त्या सगळ्यांनी व्हिडिओ बघितला होता. ती खाली वाकल्यावर आपलाही हात तिकडे गेला, असं बहुतेकांनी सांगितलं. आता आधी जमीन सोडणारे नऊ उरले होते.

"म्हणजे तुम्ही बरोबर होता असं नाही," तो म्हणाला.

"मी म्हटलं का तसं?"

"नऊ अजून आहेत. आणि बाकीचे कुठे कुठे आहेत, मला माहीत नाही. मी एकेकाला फोन करतोय." त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी त्याला बरं वाटेल असं काही म्हटलं नाही.

आत तीन जण होते, मधे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. समोरच्या खुर्चीत तनुजा, डावा हात प्लास्टरमध्ये. कान मोकळे होते. कंपनीने तिची जागा राखून ठेवली होती, अपघात त्यांच्या आवारात झाला म्हणून. ती माझ्याकडे बघत नव्हती.

माझ्यावरचे आरोप वाचले. मी सगळे कबूल केले आणि सही केली, या वेळी पानन् पान वाचून.

अध्यक्षांनी तनुजाला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलंत, ते सांगा."

ती उठून उभी राहिली. उजव्या हाताने हवेतच एक दांडी धरल्यासारखी केली. "मी खालचं टोक आधी सोडलं. ते चूक होतं. आधी असं वर जाऊन तार सोडायची, केबल पूर्ण खाली घ्यायची, आणि मगच जमिनीला हात लावायचा." हात वर गेला होता, सावकाश खाली आला. तिने विचार केला नव्हता, हात आपोआप गेला होता. मी तेवढंच बघायला आले होते.

"हे तुम्हाला वांढरे मॅडमनी सांगितलं?" एका सदस्याने विचारलं.

"नाही. मले कोणीच नाही सांगितलं. मले समजलं."

"त्यांच्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? त्यांनी लेखी माफी मागितली आहे."

तनुजा पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "माफी नाही देणार. डॉक्टर म्हणते, प्लास्टर निघालं तरी हात पयल्यासारखा पुरा वळणार नाही. यांनी मले मारलं, सगळ्यायसमोर. दोन वर्षं मी यांचा आवाज कानात घेऊन झोपली. आता मले तो आवाज जिंदगीत आयकाचा नाही. एवढंच लिहून घ्या."

कारकुनाने लिहून घेतलं. ती खाली बसली.

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "मॅडम, निकाल देण्याआधी तुम्हाला काही बोलायचं आहे का?"

बोलायचं खूप होतं, रात्रभर मनात जुळवून आणलं होतं. तनुजा चार हातांवर बसली होती.

मी नुसती मान हलवून नाही म्हटलं.